भुंगेऱ्याला आरोपी करून जंगल वाचत नाही

जंगलात आग लागली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘कुणी लावली?’ तपास करणाऱ्याला तो विचारावाच लागतो. पण ज्याला पुढच्या वर्षीची आग टाळायची आहे, त्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. एका ठिणगीने भडकावं इतकं जळण तिथे जमलं कसं, आणि ते जमत असताना कोण काय करत होतं?

या प्रश्नासाठी मी तुम्हाला कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत नेणार आहे. इतक्या लांब जाण्याची दोन कारणं आहेत. तिथे दुष्काळ, कीड आणि आग यांची साखळी नोंदींसकट समोर ठेवता येते. आणि तिथल्या वनधोरणाचा एक धागा ब्रिटिश काळातल्या आपल्या जंगलखात्यापर्यंत पोचतो. मी भूगोल शिकवते. वर्गात हा विषय निघाला की हमखास एक प्रश्न येतो, ‘मॅडम, वेळेवर औषध मारून किडे संपवले असते तर आग लागली नसती ना?’ हा लेख त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

बारा कोटी नव्वद लाख झाडं

2012 ते 2016 या काळात कॅलिफोर्नियात भीषण दुष्काळ पडला. सिएरा नेवाडात हिवाळ्यात बर्फ साचतं आणि उन्हाळाभर हळूहळू वितळून झाडांना, नद्यांना आणि खालच्या शेतीला पाणी देतं. 1 एप्रिल 2015 ला मोजलेलं बर्फ सरासरीच्या फक्त 5 टक्के होतं. त्यातच तापमान वाढलेलं होतं, त्यामुळे झाडांना पाणी जास्त लागत होतं आणि मातीत ते नव्हतं.

बघता बघता हिरवे डोंगरउतार तांबडे दिसू लागले. अमेरिकेच्या वनसेवेची माणसं दरवर्षी विमानातून पाहणी करून मेलेल्या झाडांचा अंदाज घेतात. 2017 अखेर हा आकडा, 2010 पासूनचा हिशोब धरून, 12 कोटी 90 लाख झाडांवर गेला. ऑक्टोबर 2015 मध्येच गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी झाडांच्या या मरणाबद्दल आणीबाणी जाहीर केली होती. सर्वांत जास्त मार पॉन्डेरोसा पाइन या झाडाला बसला. मध्य आणि दक्षिण सिएरातल्या चार राष्ट्रीय वनांत संशोधकांनी ठरावीक तुकडे निवडून झाडं मोजली, तेव्हा 2014 ते 2017 या काळात तिथली जवळपास निम्मी झाडं मेलेली होती. पॉन्डेरोसापुरतं बोलायचं तर सुमारे 90 टक्के.

या झाडांवर शेवटचा घाव घातला तो साल पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याने. त्याचा आकार तांदळाच्या दाण्याएवढा. बातम्यांना आरोपी मिळाला.

किडा कधी जिंकतो?

हा भुंगेरा बाहेरून आलेला नाही. पाइनचं झाड आणि तो हजारो वर्षं एकाच डोंगरावर राहत आले आहेत. मग याच वेळी असं काय झालं?

निरोगी पाइनच्या खोडात राळ भरलेली असते. भुंगेरा सालीला भोक पाडून आत शिरू लागला की झाड तिथून राळ सोडतं आणि किडा त्या चिकट राळेत अडकतो किंवा बाहेर ढकलला जातो. पण राळ तयार करायला आणि ती जोराने बाहेर टाकायला झाडाकडे पाणी आणि ताकद असावी लागते. दुष्काळात झाड पानांची रंध्रं मिटून घेतं. त्यामुळे पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही मंदावतं आणि राळ आटते.

अशा झाडात एक भुंगेरा शिरला की तो एक विशिष्ट गंध सोडतो. त्या गंधावर शेकडो भुंगेरे त्याच झाडावर येतात. ते सालीखालच्या थरात बोगदे करून अंडी घालतात आणि अळ्या तिथेच वाढतात. याच थरातून झाडाचं अन्न पानांकडून मुळांकडे जातं. किड्यांबरोबर आलेली बुरशी लाकडात पसरते आणि पाण्याची वाटही अडवते. झाड आतून तुटतं. बाहेरून ते काही काळ हिरवंच दिसतं, मग पिवळं पडतं आणि मग तांबडं होतं. तांबडं दिसेपर्यंत पुष्कळ किडे पुढच्या झाडावर गेलेले असतात. म्हणून कोट्यवधी झाडांच्या जंगलात ‘औषध मारणं’ हा उपाय होऊ शकत नाही. एखाद्या अंगणातलं मोलाचं झाड फवारणीने वाचवता येतं, पण पर्वतरांग फवारता येत नाही.

उष्णतेचा फायदा किड्यालाही होतो. त्याची वाढ लवकर होते आणि एका वर्षात पिढ्या जास्त निघतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याच दुष्काळाचा हिशोब मांडला. तापमानवाढ नसती तर किड्यांमुळे जितकी झाडं मेली असती, त्यापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त झाडं मेली, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्हणजे भुंगेरा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण तो फक्त थकलेल्या झाडांना इतक्या संख्येने मारू शकतो. झाडं थकली दुष्काळाने, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं माणसाच्या कायद्यात आहे.

आग विझवण्याचं शतक

सिएरा नेवाडात मोनो, मिवोक अशा मूळ रहिवासी जमाती राहत होत्या आणि आजही राहतात. टोपल्या विणायला सरळ कोवळ्या काड्या मिळाव्यात, हरणांना चारा मिळावा, ओकची फळं गोळा करता यावीत, अशा कामांसाठी त्या जंगलात ठरवून छोट्या आगी लावत. विजेमुळे लागणाऱ्या आगी वेगळ्याच. या आगी जमिनीलगत सरकत. पालापाचोळा आणि लहान रोपं जळत, जाड सालीचे मोठे वृक्ष उभे राहत. जंगल विरळ राहत असे आणि प्रत्येक झाडाच्या वाट्याला पुरेसं पाणी येत असे.

1850 मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं. त्याच वर्षी मूळ रहिवाशांविषयी एक कायदा झाला आणि माळरानाला आग लावणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला. नावात ‘संरक्षण’ हा शब्द असलेल्या याच कायद्याने त्यांच्या मुलांना गोऱ्या मालकांच्या घरी आणि शेतावर राबायला बांधून ठेवण्याची वाट मोकळी केली. आगीवरची बंदी आणि माणसांची वेठबिगारी एकाच कायद्यात होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जंगलाचं ज्ञान काढून घेतलं गेलं, ते ज्या माणसांकडे होतं त्यांचं स्वातंत्र्य हिरावून.

पुढे 1910 च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं आणि 80 हून अधिक माणसं मेली. नव्याने उभ्या राहिलेल्या वनसेवेने यातून धडा घेतला की आग म्हणजे शत्रू. 1935 मध्ये नियम झाला की कुठेही आग दिसली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. 1944 पासून टोपी घातलेलं एक अस्वल पोस्टरवरून मुलांना आगीचे धोके सांगू लागलं.

आपल्याशी जोडलेला धागा इथे येतो. अमेरिकन वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो हे युरोपात वनशास्त्र शिकत असताना डीट्रिख ब्रँडिस यांना गुरू मानत. ब्रँडिस हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले महानिरीक्षक. 1860 च्या दशकापासून हिंदुस्थानात राखीव जंगलातून आग हद्दपार करण्याचे प्रयोग सुरू झाले होते आणि आदिवासींची आग ही जंगलाची नासाडी मानली गेली होती. 1927 च्या भारतीय वन अधिनियमातही राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. जंगल लाकडासाठी, आग लाकडाची वैरी आणि आग लावणारा स्थानिक माणूस अडाणी, हा विचार दोन्ही देशांत दिसतो.

सिएरात त्याचा परिणाम शंभर वर्षांनी मोजला गेला. जुन्या नोंदी आणि नवी मोजणी ताडून पाहिल्यावर 1911 ते 2011 या काळात एकरी झाडांची संख्या सरासरी सहा-सात पट झाल्याचं आणि झाडाचा सरासरी आकार निम्म्यावर आल्याचं आढळलं. तेवढ्याच पाण्यात सहापट तोंडं! अशा गर्दीच्या जंगलात पाच वर्षांचा दुष्काळ आला आणि भुंगेऱ्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला लांब उडावंही लागलं नाही.

मग आग आली

4 सप्टेंबर 2020 ला सिएरा राष्ट्रीय वनात क्रीक फायर नावाने ओळखली जाणारी आग लागली. ज्या पट्ट्यात भुंगेऱ्याने सर्वांत जास्त झाडं मारली होती, त्यातूनच ती गेली. मॅमथ पूल या जलाशयाजवळ सुट्टीसाठी आलेल्या लोकांचा रस्ता बंद झाला आणि 200 हून अधिक माणसांना धुरातून लष्करी हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. आग पूर्ण आटोक्यात यायला डिसेंबर उजाडला. तोवर सुमारे 3 लाख 80 हजार एकर क्षेत्र जळालं होतं. ती कशामुळे लागली, हे तपासाअंतीही ठरवता आलं नाही.

इथे एक सावधगिरी हवी. ‘किडा लागला म्हणजे आग वाढणारच’ हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. 2015 मध्ये पश्चिम अमेरिकेतल्या पाइनच्या दुसऱ्या एका भुंगेऱ्याविषयीचा अभ्यास आला. जळालेलं एकूण क्षेत्र किड्यांच्या साथीमुळे वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उष्ण, कोरडी हवाच निर्णायक ठरत होती. झाड मेल्यानंतरची अवस्थाही महत्त्वाची असते. तांबडी सुकी पानं झाडावर असतात तेव्हा आग सहज शेंड्यावर चढते. पानं गळून गेली की शेंड्यावरचा धोका काही वर्षं कमी होतो. मग खोडं कोसळू लागतात आणि जमिनीवर जाड लाकडाचे ढीग साचतात. ते पेटले की अतिशय उष्ण आणि दीर्घकाळ जळतात, आणि अग्निशामक दलाला जवळही जाता येत नाही. सिएरातल्या मेलेल्या झाडांमुळे अशी ‘सामूहिक आग’ लागू शकते, असा इशारा वनशास्त्रज्ञांनी 2018 मध्येच दिला होता.

2020 आणि 2021 या दोन वर्षांच्या आगींत जगातल्या मोठ्या सिकोया वृक्षांपैकी अंदाजे 13 ते 19 टक्के मेले किंवा मरणाच्या वाटेला लागले. सिकोया हजार-दोन हजार वर्षं जगतो. त्याची फळं उघडून बी पडायला आगीची धग लागते. आगीवाचून ज्याचा वंश वाढत नाही, असा वृक्ष आगीने मरू लागला, कारण ती त्याच्या ओळखीची आग राहिली नव्हती.

आगीपेक्षा वेगाने पळालेली अफवा

त्याच सप्टेंबरात शेजारच्या ओरेगॉन राज्यातही आगी लागल्या होत्या. समाजमाध्यमांवर बातमी पसरली की एका राजकीय गटाचे कार्यकर्ते मुद्दाम जंगलं पेटवत फिरत आहेत. काही गावांत लोकांनी बंदुका घेऊन रस्ते अडवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘तुम्ही कोण, कुठले’ असं विचारू लागले. आगीतून जीव वाचवून पळायचं सोडून काही जण घर राखायला थांबले. एफबीआयला जाहीर करावं लागलं की अतिरेकी गट आगी लावत असल्याच्या बातम्या खोट्या आहेत.

पुढच्याच वर्षी अल्जीरियात याहून भयंकर घडलं. ऑगस्ट 2021 मध्ये कबीली भागातली जंगलं पेटली होती. आग विझवायला मदत करावी म्हणून दुसऱ्या गावाहून आलेल्या जमेल बेन इस्माइल या तरुण कलाकारालाच आग लावणारा ठरवून जमावाने मारून टाकलं.

या दोन घटना मी मुद्दाम सांगितल्या. अफवेचा हा नमुना आपल्याला नवा नाही. संकट मोठं असतं, कारणं गुंतागुंतीची असतात आणि लोकांना लगेच एक चेहरा हवा असतो. तो चेहरा बहुधा ‘आपल्यातला नसलेल्या’ माणसाचा निघतो. जंगलाबाबत कधी तो किड्याचा असतो, कधी आदिवासीचा, कधी परगावच्या मुलाचा. चेहरा मिळाला की शंभर वर्षांच्या धोरणाला कुणी जाब विचारत नाही. म्हणूनच पर्यावरणाच्या प्रश्नात कार्यकारणभाव नीट मांडणं हे मला नागरिकाचं काम वाटतं. ते केवळ शास्त्रज्ञांवर सोडून चालणार नाही.

उपाय सोपे नाहीत, पण माहीत आहेत

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात इलिलुएट नावाचं खोरं आहे. 1970 च्या दशकापासून तिथे विजेने लागलेल्या बहुतेक आगी, लक्ष ठेवून, जळू दिल्या जातात. तिथे आता सलग दाट झाडीऐवजी जंगल, झुडपं आणि ओली कुरणं यांची सरमिसळ आहे. दुष्काळात तिथली झाडं आसपासच्या जंगलाच्या मानाने बरीच तगली. इतर ठिकाणीही आधी विरळणी झालेल्या किंवा ठरवून जाळलेल्या तुकड्यांत पॉन्डेरोसा कमी मेल्याचं आढळलं.

ठरवून आग लावण्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. एप्रिल 2022 मध्ये न्यू मेक्सिकोत वनसेवेनेच लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. एका जुन्या धुमसत्या ढिगाऱ्यातून उठलेली दुसरी आग तिला मिळाली आणि 3 लाख 40 हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळालं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या स्पॅनिशभाषक गावकऱ्यांची घरं आणि कुरणं गेली. धुराचाही प्रश्न आहे. दम्याच्या रुग्णाला धूर कुठल्या आगीचा, याने फरक पडत नाही.

पण यातून ‘आग नकोच’ हा निष्कर्ष निघत नाही. न लावलेली आग टळत नाही. ती उन्हाळ्याच्या ऐन तापात, वाऱ्याच्या मर्जीने येते. म्हणून प्रश्न उरतो तो कधी, किती आणि कुणाच्या हाताने, एवढाच. 2021 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलला. प्रशिक्षित माणसाने किंवा परंपरेने आग लावणाऱ्या मूळ रहिवाशाने नियम पाळून आग लावली आणि ती पसरली, तर घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय विझवण्याचा खर्च त्याच्या माथी मारायचा नाही, असं ठरलं. 1850 मध्ये ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यांना जाणकार म्हणायला 171 वर्षं लागली.

आपण यातून काय घ्यायचं

कृपा करून, ‘आग चांगली असते’ असा धडा घेऊ नका. सह्याद्रीचं जंगल सिएराचं नाही. इथले वणवे बहुतेक माणसाने लावलेले असतात आणि वाळलेल्या गवतातून वर चढतात. वर्षागणिक जाळलेल्या उतारावर रोप टिकत नाही आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते. राब भाजणारा शेतकरीसुद्धा वारा बघतो, कडा साफ करतो आणि विझेपर्यंत थांबतो. वनखातं हिवाळ्यात जाळरेषा काढतं तेही याच समजुतीने. वणवा टाकून निघून जाणाऱ्याची तुलना या दोघांशी करता येणार नाही.

धडा वेगळा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपानं तोडताना झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तेंदूचं रोख उत्पन्न सोडून तोड थांबवली. सिएरातल्या मोनो लोकांना आग परत हवी आहे, पाचगावला नको आहे. उत्तरं उलटी आहेत, पण दोन्हीकडे ती त्या जंगलात राहणाऱ्या, त्याची नाडी ओळखणाऱ्या माणसांनी शोधली आहेत. त्यांना निर्णयातून हाकलून लावलं की जंगल कागदावर सुरक्षित राहतं आणि डोंगरावर कमजोर होत जातं.

कीडही आपल्याला अनोळखी नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातल्या मंडला भागात सालवृक्षांना खोडकिड्याची मोठी साथ आली. तेव्हाही वाद हाच होता की किती झाडं तोडायची आणि ते कुणी ठरवायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

म्हणून तुमच्या तालुक्यात पुढचा वणवा लागेल तेव्हा ‘कुणी लावला’ हे जरूर विचारा, पण नाव कळलं म्हणून थांबू नका. त्या डोंगरावर गेल्या दहा वर्षांत काय वाढलं, काय तोडलं आणि काय साचलं ते विचारा. जाळरेषा कधी काढली आणि त्यासाठी पैसा किती आला ते वनखात्याला माहितीच्या अधिकारात विचारा. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे का, नसेल तर दावा कुठे अडला आहे, हे ग्रामसभेत विचारा. आणि मोबाइलवर ‘आग अमक्याने लावली’ असा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला एकच विचारा, ‘तुला कसं कळलं?’